पाच कोणाचे

२ मार्च

राघू,

वर कोपऱ्यात अनेक आशीर्वाद लिहिलेले दिसतील, ते कंपाउंडरचे आहेत. त्याला पत्र कोरडं सुरू करवत नाही. माझा आशीर्वाद शेवटी, तोवर माझा राग संपला तर.

हो, लिहितोय कंपाउंडरच. मला अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे, आणि आयुष्यभर औषधांच्या पुड्यांवर लिहून ह्याच्या अक्षराचं काय झालंय तेही माहीत आहे. वाचता आलं नाही तर तिकडच्या एखाद्या औषधाच्या दुकानात दाखव. गोळ्या दिल्या तर मात्र घेऊ नकोस.

तुझा बाप ठीक आहे. तुझं नाव घेत नाही. तू सरकारी रेडिओत लागलास तेव्हा म्हणाला होता, "मी नुसता भोंगा वाजवतो, पण तो आपल्या लोकांसाठी. हा दुसऱ्यांचं तोंड होऊन बोलणार." ते बोलणं अजून त्याच्या घशात आहे. पण कारखान्यातून आला की हात धुवायच्या आधी रेडिओ लावतो. तू बातम्या वाचतोस तोवर भिंतीकडे तोंड करून बसतो, जसं काही भिंतच बोलतेय. मागे तुला सर्दी झाली होती ना? मला कळलंही नव्हतं. त्याने सांगितलं. मला नाही, भिंतीला. म्हणाला, "आवाज बसलाय."

आता रागाचं सांगते. पूर्वी तू बातम्या संपवताना म्हणायचास, "राजधानीत नऊ वाजले, आपल्याकडे सात." तेवढं एक वाक्य ऐकायला अख्खी गल्ली खिडकीशी यायची. राजधानीतून आपल्याशी कोणी आपल्यासारखं बोलतंय, एवढंच कौतुक. कुठलीही बातमी असो, गाडी सुटायची वेळ असो, दवाखान्याची असो, तू आपल्या वेळेत बदलून सांगायचास. गेल्या हिवाळ्यात हुकूम निघाला, देश एक तर घड्याळही एकच, आणि तू ते वाक्य गिळलंस. बिनपाण्याचं. आता नुसतं म्हणतोस, "नऊ वाजले." अरे, कुठे वाजले?

सूर्य तुमच्याकडे आधी येतो. आमच्याकडे पोहोचायला त्याला दोन तास चालावं लागतं. त्यात आमची काय चूक? पण आता शाळेतली पोरं अंधारात विजेरी घेऊन निघतात. दवाखाना दुपारीच बंद होतो, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी. बायका ऊन असताना दिवसभराचं काम टाकून जातात, तर दाराला कुलूप. आणि काचेचं तर तुला मी काय सांगू, तू इथलाच. काच इथे बनते, राजधानीच्या उंच उंच इमारतींना लागते, आणि आपल्या चाळीच्या खिडक्यांना पुठ्ठा. आता सूर्यही त्यांचा झाला.

परवा स्टेशनसमोर मोर्चा होता. घोषणा नाहीत, काही नाही. प्रत्येकाने घरचं गजराचं घड्याळ नेलं, आपल्या बाराचा गजर लावला आणि पायऱ्यांवर ठेवून घरी आला. बारा वाजले तसं सगळं एकदम बोंबलायला लागलं. शिपाई आले, घड्याळं पोत्यांत भरली आणि गाडीत टाकली. पोती वाजतच होती. गाडी वळून पुलावर गेली तरी ऐकू येत होतं. मी इतकी हसले की कंपाउंडरच्या ताईने पाठ चोळून दिली. ताईला ओळखतोस ना? पॅकिंगमधली, कंपाउंडरची मोठी बहीण. तिने आणून दिलेल्या तडकलेल्या बरणीत तोंड घालून तू लहानपणी बातम्या वाचायचास. ती म्हणते, "राघूला विचारा, तिकडे बरणी चांगली मिळाली का."

तुझ्या बापाने कारखान्याचा भोंगा अजून आपल्याच वेळेवर ठेवलाय. मॅनेजरसाहेब तिकडचे, पण कानाडोळा करतात. भट्टी थंड झाली तर काच आतच गोठते, आणि भट्टीवर माणसं येतात ती ह्याच्या भोंग्याने.

राग संपला नाही. आशीर्वाद पुढच्या वेळी.

आजी


९ मार्च

राघू,

इकडे सगळं शांत आहे. संचारबंदीत शांतच असतं. संचारबंदीचं तुला काय सांगणार, तूच तर सांगितलीस.

तुझा बाप घरी नाही. पुलावर गोळ्या चालल्या त्या संध्याकाळी त्याला धरून नेलं. मारलं वगैरे नाही म्हणतात. डाव्या हाताला जरा लागलंय, तो काही भोंग्याचा हात नव्हे. भोंग्याच्या खोलीला सील लावलंय. त्यामुळे सध्या कोणाचीच वेळ वाजत नाही, ना आपली ना त्यांची. कोंबड्यांवर काम चालवतो.

कोण कोण गेलं ते आज लिहीत नाही. लिहिणाऱ्याची तब्येत बरी नाही, म्हणून अक्षर आणखी बिघडलंय. वरचा कोपरा कोरा आहे त्याच्यावरून काही मनात आणू नकोस.

पाकीट वाटेत उघडतात असं सगळे म्हणतात. उघडणाऱ्या बाबा, वाच खुशाल. परत चिकटवताना मात्र नीट चिकटव. मागच्या वेळी अर्धं सुटलेलं पोहोचलं असं नातसून फोनवर म्हणाली होती. तेव्हा फोन चालू होते.

आजी


२१ मार्च

राघू,

आज नीट सांगते. कंपाउंडरला विचारलं, लिहिशील ना? म्हणाला, "तुम्ही सांगा आजी, मी लिहितो. फक्त मला राघूचा राग नाही असं लिहायला लावू नका." तेव्हा तसं लिहिलेलं नाही.

त्याची ताई गेली. पुलावर. पहिल्याच गोळीने असं बघणारे म्हणतात. खरं असेल, नाहीतर त्याच्या समाधानासाठी म्हणत असतील.

ही ओळ लिहून तो उठला. पाणी पिऊन आलाय. आता पुढे.

त्या दिवशी सकाळी तुझा बाप भोंग्याच्या खोलीत होता. हवेच्या टाकीवर त्याचा तो जुना रेडिओ असतो. भट्टीवरचे, पॅकिंगवाल्या बायका, सगळे दारात येऊन उभे राहिले, कारण आदल्या दिवसापासून टेलिफोन बंद, आणि काहीतरी होणार हे कुत्र्यामांजरांनाही कळलेलं. तू वाचलंस. आज संध्याकाळी पाच वाजल्यापासून संचारबंदी, रस्त्यावर दिसेल त्याच्यावर गोळी झाडली जाईल. आपल्या बोलीत, तुझ्या ह्या गोड गळ्यातून.

भट्टीवरच्या कोणीतरी विचारलं, पाच कोणाचे? त्यांचे की आपले?

तुझा बाप म्हणाला, "पोरगा सांगतोय ना. तो आपल्यासाठी बदलूनच सांगतो. आपले पाच."

राघू, मी हे चार माणसांकडून ऐकलं आणि चौघांनी तसंच सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने तुला पोरगा म्हटलं ते तेव्हा. बाकीच्यांनाही पटलं. तू "संध्याकाळी पाच" म्हणालास. त्यांचे पाच म्हणजे आपल्याकडे तिसरा प्रहर, पत्रे तापलेले असतात. त्याला संध्याकाळ कोण म्हणेल? तिकडचा कोणी बोलला असता तर सगळ्यांनी दोन तास वजा केले असते, सवयच आहे. आपला माणूस बोलला म्हणून केले नाहीत.

मॅनेजरसाहेबांचं घड्याळ बरोबर होतं. ते जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन निघून गेले. कोणाला काही बोलले नाहीत. बोलायचं सुचलं नसेल. आपण काही त्यांच्या घरातले नाही.

रोजचा भोंगा पाचचा. बापाने विचार केला, पाचला भोंगा झाला तर पूल ओलांडेपर्यंत संचारबंदी लागेल. म्हणून त्याने अर्धा तास आधी साखळी ओढली. बायकांना म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला चालायला वेळ लागतो. ताईचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला सगळ्यांच्या पुढे धाडली.

शिपाई पुलावर आपल्या तीनपासून उभे होते. तोवर त्यांच्या घड्याळात साडेसहा वाजलेले. त्यांना दिसलं ते एवढंच, की भोंगा झाला आणि माणसांचा लोंढा संचारबंदी मोडून पुलावर आला.

आता सरकार म्हणतं, भोंगा रोजची वेळ सोडून वाजला म्हणजे तो इशारा होता. तुझ्या बापाने कट करून माणसं रस्त्यावर काढली. लोक घरी सुखरूप पोहोचावेत म्हणून जे केलं, त्याचाच पुरावा झाला. जन्मठेप मागतायत. मी वकीलबाईंना म्हटलं, त्याचा जन्म उरलाय तो केवढा, सरकारला त्यात फारसं काही मिळायचं नाही. त्या हसल्या नाहीत. तरुण आहेत.

वकीलबाई म्हणतात, आपल्यातल्या कोणी "आम्हाला आपले पाच वाटले" असं कोर्टात म्हटलं तर त्यालाच आत घालतील. कायद्याने आपले पाच नावाची गोष्टच नाही. पण तू सरकारचा माणूस. तू येऊन एवढंच सांगायचं, की मी इतकी वर्षं वेळ बदलून सांगत होतो, मग मला मनाई झाली, आणि त्या दिवशीच्या कागदावर पाच कोणाचे ते लिहिलेलं नव्हतं. तुझं बोलणं त्यांना खोटं पाडता येणार नाही. तोंड त्यांचंच आहे.

कोर्ट एप्रिलच्या अठ्ठाविसाला.

मी तुला कधी ये म्हटलेलं नाही. तुझ्या लग्नालासुद्धा तूच मला बोलावलंस, मी तुला नाही. आता म्हणते. ये.

आजी


८ एप्रिल

राघू,

तुझं पत्र मिळालं. मधल्या दोन ओळींवर काळी शाई फासून आलं. मला तर सगळं पत्रच तसं दिसतं, पण कंपाउंडरला वाईट वाटलं. कागद दिव्यासमोर धरून बघत बसला.

बाकीचं त्याने वाचून दाखवलं. तू लिहितोस, समोर ठेवलेला कागद वाचणं हे तुझं काम, त्यातला शब्द इकडचा तिकडे करायची परवानगी नाही. बायकोचं लिहितोस, पोरीची शाळा, सरकारी घर. सगळं खरं आहे. मी वाद घालत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं, आणि मग उरलेल्या आयुष्यात आरशासमोर जायचं टाळलं असतं. माझ्या तोंडाकडे बघता ते मला जड गेलं नसतं. तू देखणा आहेस.

परवा तुझ्या बापाला भेटले. मध्ये जाळी असते, एकमेकांची अर्धी अर्धी तोंडं दिसतात. हात गळ्यात बांधलाय. जरा लागलंय असं मी लिहिलं होतं, ते तसं नाही. हाडं मोडली आहेत. तुरुंगात जेवणाच्या वेळी भिंतीवरच्या कर्ण्यातून बातम्या लावतात. तुझा आवाज आला की बाकीचे कैदी त्याच्याकडे बघतात. त्यातल्या एकाचा भाऊ पुलावर गेला. तो तुझ्या बापाच्या ताटात थुंकतो. रोज नाही.

मी विचारलं, मग तू काय करतोस? म्हणाला, "बाजूचं खातो."

तुला काय सांगायचं म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्याला बोलवू नकोस आई. पोरगी लहान आहे त्याची." मग म्हणाला, "चूक त्याची नाही. त्या माणसाने विचारलं होतं, पाच कोणाचे. मी ठाम सांगायला नको होतं."

तर हा तुझ्या बापाचा निरोप, बोलवू नकोस. जसाच्या तसा दिला. माझा निरोप वेगळा आहे. तो बाप आहे, त्याला तुला वाचवायचंय. मी त्याची आई आहे. माझा पोरगा आत आहे, राघू. तू माझी दुधावरची साय असशील, पण दूध आधी.

मी वकीलबाईंना विचारलं, तू आलास तर तुला काय करतील? त्या म्हणाल्या, नोकरी जाईल हे नक्की, पुढचं सांगता येत नाही. हेही लपवत नाही. आंधळ्यासारखं येऊ नकोस. बघून, समजून ये.

कोपरा ह्या वेळीही कोराच आहे. त्याला मी काही बोलत नाही.

आजी


१२ मे

राघू,

पत्र कुठे पाठवायचं ते माहीत नाही. कंपाउंडर म्हणाला, आधी मजकूर होऊ द्या, पत्त्याचं मग बघू.

अठ्ठाविसाला मी कोर्टात गेले. नवं लुगडं नेसून गेले, म्हटलं तू इतक्या वर्षांनी बघशील, म्हातारी अगदीच वाळली असं वाटायला नको. दाराजवळच्या बाकावर बसले. दार वाजलं की मान वळवायची. मान दुखायला लागली तशी कंपाउंडर म्हणाला, "आजी, मी बघतो दाराकडे, तुम्ही समोर बघा." तू आला नाहीस. कोर्ट त्यांच्या पाचला उठलं. बाहेर लख्ख ऊन. निकाल दुसऱ्या दिवशी म्हणाले.

घरी येऊन मी रेडिओ लावणार नव्हते. कंपाउंडरने लावला. म्हणाला, ऐकू तरी, कसा वाचतो.

तू वाचलंस. राजधानीतल्या नव्या पुलाचं उद्घाटन, कुठल्या पाहुण्यांचं आगमन, पाऊस. शेवटी म्हणालास, "राजधानीत नऊ वाजले." आणि थांबलास. मला वाटलं संपलं. मग म्हणालास, "आपल्याकडे सात. संचारबंदीच्या दिवशी मी पाच म्हणालो, तेव्हा आपल्याकडे तीन वाजणार होते. मला माहीत होतं. ते सांगायची मला मनाई होती. मी ते सांगायला हवं होतं."

पुढे काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला, आणि एकदम सनई की काय ते लागलं. फार वेळ तेच चालू होतं.

कंपाउंडर रेडिओवर हात ठेवून उभा होता, कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाला, "आजी, त्या काळ्या केलेल्या दोन ओळी ह्याच असणार." मी म्हटलं, असतील. मलाही वाचता आल्या बघ.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकील म्हणाले, असं काही प्रसारित झालंच नाही. वकीलबाईंनी नुसतं मागे वळून बघितलं. कोर्ट माणसांनी भरलेलं होतं, आणि खिडक्यांबाहेरही माणसं होती. न्यायाधीश तिकडचे, पण राहतात इथे. त्यांच्या घरीही रेडिओ असणार. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. कटाचा आरोप काढून टाकला. वेळेचा हुकूम मोडून भोंगा वाजवला एवढंच ठेवलं. पाच वर्षं.

ह्या वेळी कोणी विचारलं नाही, पाच कोणाची. वर्षं दोन्हीकडे सारखीच लांब.

फोन परत सुरू झालेत. नातसुनेचा आला. त्याच रात्री दोन माणसं घरी आली, तुझा कोट घेऊन गेली. तू स्टुडिओतून घरी आलाच नव्हतास म्हणे. आता कोणी सांगत नाही कुठे आहेस. रेडिओवाले म्हणतात, ह्या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता. घर रिकामं करायला लावलं. ती आणि पोरगी रविवारच्या गाडीने इकडे येतायत. गाडी त्यांच्या वेळेने येते, म्हणून मी सकाळपासूनच जाऊन बसणार आहे. पोरीने मला कधी बघितलेलं नाही. घाबरली तर नाक हलवून दाखवीन, तुला चालायचं ते.

मी तुला बोलावलं होतं. कोर्टात ये म्हटलं होतं, बघून ये म्हटलं होतं. तू आला नाहीस म्हणून त्या संध्याकाळी मी तुला जे जे बोलले ते कंपाउंडरने ऐकलंय. ते लिहायला मी त्याला मनाई केली आहे. आता माझे दोघेही आत आहेत. एकाचा पत्ता आहे.

तुझ्या बापाला काल भेटले. कर्ण्यातून त्यांनीही ऐकलं. थुंकणारा कैदी आता त्याच्या शेजारी जेवायला बसतो. बोलत नाही, पण बसतो. मी विचारलं, ऐकलंस ना? त्याने मान हलवली. जाळीत बोटं अडकवून उभा होता, मोडक्या हाताचीसुद्धा. मग म्हणाला, "ह्या वेळी आवाज बसलेला नव्हता."

भिंतीला नाही, राघू. मला म्हणाला.

तुझ्या जागी आता एक बाई वाचते. तिकडची आहे, आपली बोली शिकलेली. बिचारी चुकत नाही कुठे. शेवटी म्हणते, "नऊ वाजले," आणि कागद सरकवते. तेवढ्यात आपल्या गल्लीत कुठल्यातरी खिडकीतून कोणीतरी म्हणतं, "आपल्याकडे सात." मग दुसऱ्या खिडकीतून. ओरडत नाही कोणी. भाजी चिरताना, पोराला थोपटताना म्हणावं तसं. शिपाई रस्त्यावर असतात, वर बघतात. पण खिडक्यांना काचा नाहीत, पुठ्ठे आहेत. कोण बोललं ते दिसत नाही.

पाकिटावर काय लिहू म्हणून कंपाउंडर विचारतोय. मी म्हटलं, उघडणाऱ्याचंच नाव घाल. तुझं लिखाण त्याने वाचलंय, माझंही. इतकं तर घरचेही कोणी वाचत नाहीत. बाबा, तुला ठाऊक असेल हा कुठे आहे ते. त्याला दे. आणि नाहीच देता आलं तर वाचून दाखव. तो आवाजाचा माणूस आहे, ऐकून घेईल.

वरच्या कोपऱ्यात कंपाउंडरने आज परत काहीतरी लिहिलंय. काय ते विचारलं तर सांगत नाही. मला वाचता येत नाही ह्याचा असा फायदा घेतो.

राग संपला. हा माझा आशीर्वाद, शेवटी म्हटलं होतं तसा. जिथे असशील तिथे भिंतीवरचं ऊन बघत जा. ऊन नसेल तर भुकेवरून ओळख. पण किती वाजले, ते त्यांना विचारू नकोस.

आजी